न लावलेला हात

मामा,

माझा उजवा खुबा कामातून गेला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला प्रस्तावना खपत नसे. कुणी दारात उभं राहून हवापाण्याचं बोलू लागलं की तुम्ही म्हणायचा, "आधी माप सांगा, गोष्ट मागून." तर माप असं. मोजा घालायला पाय वर घेतला की तो अर्ध्यावर अडतो. जिना उतरताना कठडा लागतो. पेशंटच्या टेबलाशी जरा वेळ वाकून उभी राहिले की जांघेत कळ येते, आणि ती त्याला कळू नये म्हणून मी त्याच्यावरच ओरडते. जन्मभर दुसऱ्यांचे सांधे हलवून पोट भरलेल्या बाईची ही अवस्था. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "भाचेबाई, दुसऱ्यांची मशिनं तपासता तपासता घरच्या मशिनीत तेल घालायचं राहिलं की." पूर्वी मला राग आला असता. आता येणार नाही.

सर्जन म्हणतो, ऑपरेशनची वेळ अजून आलेली नाही, पण ती येईल. तोवर खुबा थोडा सुटला तर जे. पी. नगरमधलं माझं छोटं क्लिनिक आणखी काही वर्षं चालेल. नाही सुटला तर बंद करावं लागेल. आई तुमच्यामागून गेली, मग मामी गेली, आणि लग्न मी केलं नाही. क्लिनिकला कुलूप लागल्यावर सकाळी उठून करायचं काय? स्वतःचे व्यायाम मी स्वतःला दिले आणि नेमाने केले. एका मर्यादेपर्यंत फरक पडला, मग थांबला. स्वतःचा खुबा स्वतःच्या हातात धरता येत नाही, ही या धंद्यातली अडचण आहे.

म्हणून इंदिरानगरमधल्या एका मुलीकडे गेले. मुलगी पुण्याची, वयाने माझ्या निम्म्याहून लहान, शिकलीय ऑस्टिओपॅथी. तुमच्या काळी हा शब्द इथे कुणाच्या कानावर आलेला नव्हता. औषधाशिवाय, नुसत्या हातांनी हाडं, सांधे आणि स्नायूंवर उपचार करतात. ऐकायला आमच्या फिजिओथेरपीसारखंच वाटतं, पण चाल वेगळी. आम्ही दुखरा सांधा तपासतो, किती हलतो ते मोजतो, कोणता स्नायू दुबळा पडलाय ते शोधतो, आणि मग त्या माणसालाच कामाला लावतो. बरं होणं हे त्याचं काम, आमचं काम त्याच्या पाठीस लागायचं. ही मंडळी सगळं शरीर एकाच कापडासारखं धरतात. खुबा दुखतो म्हटलं तर घोटा बघतील, बरगड्या बघतील, श्वास कुठे अडतो ते बघतील. त्यांचं बरंचसं मला पटतं. काही अजिबात पटत नाही. कवटीच्या हाडांना म्हणे एक लय असते आणि ती बोटांना कळते. मी त्या मुलीला सरळ विचारलं, "हे तुला खरंच कळतं, की कळतं असं शिकवलंय?" ती हसून म्हणाली, "काकू, ते आपण नको करू या. तुमचा खुबाच बघू." एवढ्यावर मी टेबलावर आडवी झाले.

ती पायथ्याशी गेली आणि माझी टाच तिने दोन्ही तळव्यांत घेतली. मी पाय आखडून घेतला. ठरवून नाही, विस्तवावरून काढावा तसा तो आपोआप मागे आला. "दुखलं का?" "नाही." "मग?" "सवय नाही." तिला ते खरं वाटलं नसावं, पण तिने वाद घातला नाही. तिने बाजूला उभं राहून पाठीवर थोडं काम केलं आणि पुढच्या आठवड्याची वेळ दिली. घरी येताना रिक्षा सिग्नलला अडकली होती. मी माझ्या पायाकडे बघत होते आणि मला तुमचा डावा गुडघा दिसत होता.

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते इथल्या, बेंगळुरूच्या स्टेशनात. बाबा गेल्यावर आई मला घेऊन तुमच्याकडे निघून आली, कायमची. आमच्या डब्यापाशी तुम्ही खाकी गणवेशातच धावत आलात, फॅक्टरीतून थेट. आईशी एक शब्द बोलण्याआधी तुम्ही त्या गर्दीत खाली वाकलात आणि माझ्या पायांना हात लावून तो कपाळी नेलात. मी शाळकरी पोर, पायात प्रवासाची धूळ. मी मागे सरकले, तर आई म्हणाली, "उभी राहा. मामा आहे तो." आपल्या वऱ्हाडाकडची ही रीत. भाची मामाच्या पाया पडत नाही, मामाच भाचीच्या पाया पडतो. इथे बेंगळुरूत शेजारीपाजारी चकित व्हायचे. पलीकडच्या अम्मा एकदा मामीला म्हणाल्या, "अक्का, एवढा मोठा माणूस, आणि पोरीला नमस्कार?" मामी म्हणाली, "सगळं गाव सोडून आले, एवढं एक धरून ठेवलंय." दिवाळीला, माझ्या वाढदिवसाला, परीक्षेला निघताना, तुम्ही वाकायचा. माझा पाय चुकून तुम्हाला लागला तर काही नाही. माझा हात तुमच्या पायाला लागला तर तुम्ही दचकून मागे व्हायचा, जणू कर्ज वाढलं.

तुम्ही फॅक्टरीत तपासनीस होता. तयार भाग हातात घ्यायचा, मापात आहे की नाही बघायचं, नसेल तर परत पाठवायचा. घरीही तेच. मामीच्या पोळ्या, माझं अक्षर, आईची शिवण, सगळं तपासणीतून जायचं. के. आर. पुरमहून फॅक्टरीपर्यंत सायकलने जायचा. फॅक्टरीची बस दारावरून जायची, पण बसमध्ये बसायचं म्हणजे दुसऱ्याच्या वेळेने घर सोडायचं, ते तुम्हाला मान्य नव्हतं. मी फिजिओथेरपी शिकते म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली. मालिश करायला शिकायला कॉलेज कशाला, असं पत्र एका काकांनी लिहिलं. तुम्ही त्यांना काय उत्तर दिलंत मला ठाऊक नाही, पण त्यांचं पुन्हा पत्र आलं नाही. मी पास झाले तेव्हा तुम्ही मला सांध्यांचा कोन मोजायचं माप दिलंत. दोन पोलादी पट्ट्या, मध्ये एक खिळा, कडेला अंशांच्या रेघा. टूलरूममधल्या मित्राकडून करवून घेतलं होतंत. "ते प्लास्टिकचं फेकून दे," म्हणालात. "प्लास्टिक उन्हाने वाकतं. मग माणूस सरळ असला तरी तुला वाकडा दिसेल." ते माप अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि अजून बरोबर मोजतं.

त्याच मापाने तुमचा गुडघा मोजायची वेळ लवकरच आली. फॅक्टरीच्या जिन्यावर तेल सांडलं होतं. तुम्ही गुडघ्यावर पडलात आणि वाटीचं हाड मोडलं. पाय जांघेपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये गेला आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे तसाच बराच काळ राहिला. प्लास्टर काढलं तेव्हा मांडी काठीसारखी झाली होती आणि गुडघा जेमतेम हलत होता. डॉक्टर म्हणाले, आता फिजिओथेरपी. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "घरचीच आहे." मला तेव्हा छाती फुगल्यासारखं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टूल ओढून तुमच्या खुर्चीसमोर बसले आणि टाच हातात घ्यायला खाली वाकले. तुम्ही पाय खुर्चीखाली घातलात.

"मामा, पाय द्या."

"सांग काय करायचं ते. करतो."

"सांगून होत नाही. हातात घ्यावा लागतो."

"तू माझ्या पायाला हात लावणार?"

"मी गुडघ्याला लावते. गुडघा चालतो का तुमच्या शास्त्रात?"

तुम्ही खरंच विचार केलात. तपासणीच्या टेबलाशी बसल्यासारखा. मग म्हणालात, "कमरेखालचं सगळं एकच माल. नाही चालत."

मी म्हटलं, मग हॉस्पिटलमधल्या माझ्या सहकाऱ्याला पाठवते, तो पुरुष आहे आणि तुमचा कुणी लागत नाही. त्याने तुम्ही आणखी बिथरलात. घरात शिकलेली भाची असताना बाहेरचा माणूस गुडघ्याला हात लावणार, म्हणजे लोक काय म्हणतील? हिला येत नाही म्हणून दुसरा आणला, असंच ना? फॅक्टरीभर तुम्ही सांगून ठेवलं होतं की माझी भाची मला चालवणार. मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, ती डॉक्टरीण आहे आता." तुम्ही म्हणालात, "ती माझी भाची आधी होती." माझा मान राखायला तुम्हाला दुसरा कुणी चालत नव्हता, आणि माझाच मान राखायला मी चालत नव्हते. ही गाठ मला सोडवता आली नाही. एका संध्याकाळी तुम्ही डोळे मिटून बसला होता, तेव्हा मी हळूच हात पुढे केला. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "हात मागे." आवाज चढवलेला नव्हता. पण माझ्याशी त्या स्वरात तुम्ही आधी कधी बोलला नव्हता आणि नंतरही नाही. मी हात मागे घेतला.

मग मी बोलून उपचार केले. दुसरा इलाज नव्हता. टाचेखाली फडकं, फडक्याखाली चिमूटभर पावडर, आणि टाच त्या लाल गुळगुळीत जमिनीवरून खुर्चीखाली सरकवायची. जिथवर टाच पोचेल तिथे खडूची रेघ. रेघ तुम्ही स्वतः मारायचा आणि शेजारी तारीख घालायचा, जमीन पुसताना मामी तेवढा पट्टा सोडून पुसायची. पुढचे काही आठवडे रेघा खुर्चीखाली सरकत गेल्या आणि तुम्ही खुशीत होता. मांडीचा स्नायू आवळायचा, सोडायचा. पंचा तळव्याला गुंडाळून पाय स्वतःच ओढायचा. मी स्टुलावर बसून सांगत राहायचे. "ओठ चावू नका. श्वास सोडा. पाय सैल सोडा, मामा."

"सोडलाय."

"सोडलेला दिसत नाही."

"तुला दिसत नसेल. सोडलाय की."

माझ्या आयुष्यात हा संवाद मी इतक्या लोकांशी केला आहे की तो झोपेतही करू शकेन. पण त्या सगळ्यांच्या पायाखाली माझा हात होता. सोडलाय म्हणणारा पाय हाताला लगेच कळतो. तो तळव्यावर वजन टाकत नाही, हवेत तरंगत राहतो, माणसाला पत्ताही नसतो. डोळ्यांना तेवढं कळत नाही.

रेघा एका जागी येऊन थांबल्या. तुम्हाला हवी होती सायकल. पॅडलचा एक पूर्ण फेरा व्हायला गुडघा बराच वाकावा लागतो, आणि तुमचा थोडक्यासाठी अडत होता. मी तुमची सायकल अंगणात स्टँडवर उभी केली, सीट होती नव्हती तेवढी वर घेतली, आणि सांगितलं की पुढे जाता येत नाही तर अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे, असं झुलवत राहा. एक दिवस तो आपोआप पूर्ण होतो. खरंच होतो, मी पुष्कळांचा झालेला पाहिला आहे. तुम्ही कामावरून बसने यायचा, चहा न घेता सायकलवर चढायचा. पॅडल वर येतंय, गुडघा छातीकडे निघालाय, आणि त्या ठरलेल्या जागी तुमचा चेहरा बंद होतो, पॅडल थांबतं, मागे फिरतं. साखळीचा तो आवाज, पुढे एक, मागे एक. अम्मांच्या घरातून हाक येते, "स्वल्प विश्रांती घ्या, सार." तुम्ही त्यांच्याच कन्नडात "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, म्हणता आणि थांबत नाही. मी पायरीवर उभी आहे. पुढे होऊन फक्त टाचेखाली हात धरायचा आहे, एवढंच.

आमच्या कामात एक गोष्ट पुस्तकातून येत नाही. सांधा वाकवत शेवटापर्यंत नेला की तिथे हाताला काहीतरी लागतं. हाडावर हाड आलं असेल तर दगडासारखं टणक. सांध्याचं आवरण चिकटलं असेल तर ओल्या कातड्यासारखं, थोडं ताणणारं. आणि सांधा मोकळाच असून स्नायू भीतीने धरून बसला असेल, तर ते जिवंत असतं, हाताला उलट ढकलतं. पहिल्याला काही करता येत नाही. दुसऱ्याला ताण द्यायचा, रोज, चिकाटीने. तिसऱ्याला ताण दिला तर तो जास्तच धरून बसतो. त्याला ऊब द्यायची, हाताविरुद्ध हलकेच ढकलायला सांगायचं, मग थांबायचं, आणि तो स्वतःहून सुटेपर्यंत वाट बघायची. तीन दुखणी, बाहेरून दिसायला एकच. गुडघा अमुक अंशांवर अडतो, एवढंच माप सांगतं. का अडतो, ते सांगत नाही.

तुमचं मी आवरण चिकटलेलं धरलं. इतके दिवस प्लास्टर, वाटी मोडलेली, कुणीही तेच धरलं असतं. ताण वाढवला. तुम्हाला दुखायचं, पण तुम्ही सांगितलेलं पूर्ण करायचा, एक वेळ जास्तच. शेवटी मी सांगितलं, "मामा, आता एवढंच." तुम्ही पोलादी माप माझ्या हातातून घेतलंत, स्वतः गुडघ्याला लावलंत, वाचलंत आणि म्हणालात, "सरी. मापात नाही. रिजेक्ट." हसलात. सायकल तुम्ही दूधवाल्याला देऊन टाकलीत. तो रोज पहाटे तिच्यावरून कॅन घेऊन यायचा, आणि साखळीचा आवाज आला की तुम्ही खिडकीपासून उठून आत जायचा.

त्या दिवाळीत तुम्हाला वाकता येईना. मी म्हटलं, राहू द्या, नमस्कार मनातून केलात तरी पोचतो. तुम्ही स्वयंपाकघरातलं स्टूल आणलंत. "चढ." मी नोकरी करणारी बाई, नवी साडी नेसून स्टुलावर उभी राहिले, डोकं दिव्याला लागत होतं. आई आणि मामी तोंडाला पदर लावून हसत होत्या. तुम्ही डावा पाय ताठ ठेवून, एक हात भिंतीला टेकवून, माझ्या पायांना हात लावलात आणि तो कपाळी नेलात. "हलू नकोस," म्हणालात, "पडशील, मग तुझा गुडघा मला बघावा लागेल." मीही हसले. उतरताना मात्र तुम्ही मला हात दिलात तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं नाही.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही झोपेतच गेलात. सकाळी मामी चहा घेऊन गेली आणि तिने मला हाक मारली, तुम्हाला नाही. त्यावरूनच मला कळलं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून कुशीवर होता. दोन्ही गुडघे पोटाशी घेतलेले, लहान मूल निजतं तसे. डावाही. उजव्याइतकाच. मी पांघरूण बाजूला करून पाहत राहिले. मामीला वाटलं, मला काही समजलं नाही. ती म्हणाली, "असेच निजतात गं रोज. थंडी वाजते त्यांना." रोज, ती म्हणाली. तिला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि तिने का सांगावं? नवरा कसा झोपतो हे भाचीला सांगायची गोष्ट नव्हे.

अम्मा येऊन म्हणाल्या, अंग आखडायच्या आत पाय सरळ करून घ्या. घरात दुसरा पुरुष नव्हता. मामीने माझ्याकडे पाहिलं. मी टाच एका हातात घेतली, दुसरा हात गुडघ्याखाली घातला. अंग कोमट होतं. पाय कुठेही न अडता सरळ झाला. मी तो परत वाकवला, एकदाच. हाताला काहीही उलट ढकललं नाही. अगदी शेवटी थोडंसं ते ओल्या कातड्यासारखं लागलं, पण ते सायकलच्या कितीतरी पलीकडे. मग मी पाय सरळ ठेवला आणि बाजूला झाले.

मेलेल्या शरीरावरून जिवंत शरीराबद्दल निष्कर्ष काढू नयेत, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलं आहे आणि ते बरोबर आहे. पण झोपेचं काय? जिवंतपणी रोज रात्री तुम्ही तो गुडघा वाकवत होता. जागेपणी धरून ठेवत होता. मी चुकले असं मी म्हणणार नाही. डोळ्यांना जे दिसलं त्यावरून मी बरोबर ठरवलं. तुम्ही चुकलात असंही म्हणणार नाही, तुमच्याकडे गावचं तेवढं एकच उरलं होतं. पण एका संध्याकाळी हात मागे घ्यायला तुम्ही सांगितलं नसतंत, तर पहिल्याच मिनिटाला मला कळलं असतं. उरलेले महिने तुम्ही सायकलने गेला असता. हे मला माहीत आहे. ते माहीत असण्याचा उपयोग काही नाही.

उपयोग एकच झाला. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, तुम्ही झोपता कसे, आणि ते कुणी पाहिलंय का? कॉम्प्युटरसमोर बसून मान धरलेली पोरं येतात, म्हणतात, मॅम, स्लीप ठीक आहे. मी म्हणते, तुला नाही विचारलं, बायकोला फोन लाव. बायका अचूक सांगतात. हात डोक्याखाली घेतो, पाय भिंतीला लावतो. जो खांदा दिवसा वर जात नाही तो पहाटे उशीखाली गेलेला असतो. मग मी ताण देत नाही. हात ठेवते आणि थांबते.

काल परत इंदिरानगरला गेले. जाऊ नये असं सकाळपर्यंत वाटत होतं. मुलीने या वेळी पायाला हात लावण्याआधी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "काकू, झोपता कशा?" मला हसू आलं. मी म्हटलं, "उताणी, सरळ." ती म्हणाली, "असं तुम्हाला वाटतं. कुणी पाहिलंय?" हा माझा प्रश्न. मी तो इतक्या लोकांना विचारला, आणि स्वतःकडे त्याचं उत्तर आहे का, हे बघायचं राहून गेलं. आई असताना आम्ही एका खोलीत निजायचो. त्यालाही आता फार वर्षं झाली. मी म्हटलं, "कुणी नाही." ती "बरं" म्हणाली आणि पायथ्याशी गेली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. घडी करून खणात, तुमच्या मापाखाली ठेवीन. खुब्याचं पुढे काय होईल ते अजून सांगता येत नाही, त्यामुळे ते माप नंतर. तिने टाच तळव्यांत घेतली, आणि या वेळी मी पाय मागे घेतला नाही. एवढं तरी केलं. ती म्हणाली, "सैल सोडा, काकू. सगळं वजन माझ्या हातात."

मी म्हटलं, "सोडलाय."

ती हात तसाच ठेवून थांबून राहिली. मी छताकडे बघत होते. सोडलेला नव्हता, मामा.